ख्रिस्ती धर्म अहिंसावादी आहे काय?

(अहमदपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या घरातील मुले शिक्षणासाठी लातूर, पुणे, मुंबई अशा शहरांत जातात. वसतिगृहात, कार्यालयात त्यांना कधी ना कधी एक युक्तिवाद ऐकावा लागतो. युक्तिवाद असा की, येशूच्या हातात शस्त्र नाही, तो स्वतः क्रुसावर चढला. तुमच्या देवांच्या हातात मात्र चक्र आहे, गदा आहे, त्रिशूळ आहे. मग प्रेमाचा धर्म कोणता आणि युद्धाचा कोणता? हा प्रश्न ऐकून आपला मुलगा एक तर खजील होऊन गप्प बसतो, नाही तर संतापून वाटेल ते बोलतो. माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया अज्ञानातून येतात. ज्याने विषयाचा अभ्यास केला आहे त्याला खजील होण्याचेही कारण नाही आणि आवाज चढवण्याचेही नाही. म्हणून आज आपण हा प्रश्न शांतपणे तपासणार आहोत.

तपासण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. पहिली, येशूची शिकवण. दुसरी, त्या शिकवणुकीच्या नावाने उभी राहिलेली चर्च ही संस्था आणि तिची सत्ता. तिसरी, त्या धर्मात जन्मलेली किंवा त्यात गेलेली माणसे. या तिन्हींची गल्लत केली की वाद होतात, निष्कर्ष मात्र निघत नाही. भक्त मंडळी पहिल्या गोष्टीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा करतात आणि टीकाकार दुसरीचे पाप तिसरीच्या माथी मारतात.

मूळ शिकवण

येशूच्या शिकवणुकीचा गाभा त्याच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते आलेले आहे. दुष्टाला प्रतिकार करू नये, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, शत्रूवरही प्रेम करावे, असा त्याचा आशय आहे. येशूला धरून नेण्यासाठी शिपाई आले तेव्हा त्याच्या शिष्याने तलवार उपसली आणि येशूने ती म्यान करायला लावली, हा प्रसंगही प्रसिद्ध आहे. या शिकवणुकीचे मोठेपण मान्य करण्यात हिंदू माणसाला कसलीही अडचण वाटू नये. पैठणच्या नाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाथ दर वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, रागावले नाहीत. ज्या मातीला ही कथा आपली वाटते, तिला दुसऱ्या गालाची शिकवण परकी वाटण्याचे कारण नाही.

तथापि नव्या करारात दुसरे प्रवाहही आहेत. आपण शांतता नव्हे तर तलवार आणली आहे, अशा आशयाचे उद्गार येशूच्याच तोंडी आहेत. मंदिराच्या आवारातून व्यापाऱ्यांना त्याने बळाने हुसकावले, हेही तेथेच आहे. ख्रिस्ती अभ्यासक या तलवारीचा अर्थ रूपकात्मक लावतात, आणि तसा तो लावता येतो. मुद्दा एवढाच की, रूपक म्हणून वाचण्याची जी सवलत ते आपल्या ग्रंथाला देतात, तीच सवलत देवीच्या हातातील खड्गालाही द्यायला हवी.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती समाज मात्र बऱ्याच अंशी शिकवणुकीप्रमाणे वागत होता. तर्तुलियन आणि ओरिजेन या त्या काळातील विचारवंतांनी ख्रिस्ती माणसाने सैन्यात जाऊन रक्त सांडू नये, असे प्रतिपादन केले. इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने रोमन सैन्यात भरती होण्यास नकार दिला आणि त्यासाठी मृत्यू पत्करला. या तरुणाला आपणही नमस्कार केला पाहिजे. पण त्याच्या काळी ख्रिस्ती समाज राज्यकर्ता नव्हता, पीडित होता, हे विसरता कामा नये. निःशस्त्र माणसाच्या अहिंसेची परीक्षा त्याच्या हाती शस्त्र आल्यावर होते.

सत्ता आली, आणि...

ती परीक्षा लवकरच आली. इसवी सन ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन या रोमन सम्राटाने ख्रिस्ताच्या नावाने लढाई जिंकली. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ३८५ मध्ये, प्रिसिलियन नावाच्या बिशपला पाखंडी ठरवून ख्रिस्ती सम्राटाच्या राजवटीत देहान्त शासन झाले. तूर येथील बिशप मार्टिन यांनी त्याचा तीव्र निषेध केला, हेही नोंदवले पाहिजे. पुढे ४१६ च्या सुमारास मूर्तिपूजकांना साम्राज्याच्या सेवेत घेऊ नये, असा कायदा झाला. म्हणजे ज्या धर्माचा तरुण सैनिक होण्याऐवजी मरण पत्करत होता, त्याच धर्मावाचून सम्राटाची चाकरी मिळेनाशी झाली. या दोन घटनांमध्ये अंतर आहे अवघे सव्वाशे वर्षांचे.

या स्थित्यंतराला तत्त्वज्ञानाची बैठक दिली संत ऑगस्टीन यांनी, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ती पक्की केली. युद्ध योग्य अधिकाऱ्याने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा, अशा अटी घालून त्यांनी न्याय्य युद्धाचा सिद्धान्त मांडला. आपल्या धर्मयुद्धाच्या कल्पनेशी तो पुष्कळसा जुळतो. हे पाऊल मी दोषास्पद मानत नाही. राज्य चालवायचे तर दंडशक्ती लागते, हे शांतिपर्वातील भीष्मांनाही ठाऊक होते आणि ऑगस्टीन यांनाही उमगले. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्या क्षणी हा सिद्धान्त स्वीकारला त्या क्षणी केवळ आपणच अहिंसेचे पाईक आहोत, हा दावा सोडून द्यायला हवा होता.

तो सोडला गेला नाही, आणि अटी मात्र सुटल्या. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी पवित्र भूमीच्या मुक्तीसाठी युद्धाची हाक दिली. १०९९ मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा तेथील मुसलमान आणि ज्यू यांची कत्तल झाली. १२०४ मध्ये तर क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. पुढे १४५५ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी आज्ञापत्र काढून, नव्याने सापडणारे प्रदेश जिंकण्याचा आणि तेथील अख्रिस्ती लोकांना दास करण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाला दिला. या आज्ञापत्राचे लाटांवर तरंगत आलेले फळ म्हणजे आपला गोमंतक.

गोमंतकाची साक्ष

१५१० मध्ये अल्फोन्सो द अल्बुकर्क याने गोवा जिंकला. १५४० मध्ये तिसवाडीतील मंदिरे पाडली गेली, १५६७ मध्ये साष्टीतील. कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशीचा मंगेश, म्हार्दोळची म्हाळसा ही आपली आजची तीर्थक्षेत्रे आहेत. पण ही त्या देवतांची मूळ स्थाने नव्हेत. भक्तांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपलीकडच्या, पोर्तुगिजांच्या कक्षेबाहेरील मुलखात नेल्या, म्हणून आज आपल्याला दर्शन घडते. महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील अनेक कुटुंबांची कुलदैवते तेथे आहेत. त्या कुटुंबांचा इतिहास म्हणजे या पलायनाचाच इतिहास होय.

फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली. ते न्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. तेथे सुमारे सोळा हजार खटले झाल्याची नोंद आहे. अ. का. प्रियोळकर या आपल्या थोर मराठी संशोधकाने १९६१ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहून तो सारा इतिहास जगापुढे मांडला.

येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. इन्क्विझिशनच्या कोठडीत सर्वाधिक गेले ते नवख्रिस्ती. धर्मांतर झाल्यावरही घरी तुळस जपणारे, लग्नात जुने विधी करणारे, किंवा ज्यू परंपरा गुप्तपणे पाळणारे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य जन्माने ख्रिस्ती होता; त्यालाही पकडले गेले आणि त्याने सुटकेनंतर लिहिलेल्या हकिकतीमुळेच १६८७ मध्ये युरोपला या प्रकाराची कल्पना आली. अर्थात, ज्या सत्तेने आपली मंदिरे पाडली तिने आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांच्या पूर्वजांनाही सोडले नाही. गोव्याचा सामान्य ख्रिस्ती माणूस हा त्या इतिहासाचा गुन्हेगार नव्हे. बहुतांशी तो त्याच इतिहासाचा बळी आहे.

कुंकळ्ळी आणि आसोळणा

या इतिहासातील एकच प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या प्रश्नाचे सारे पदर त्यात आहेत.

साष्टीतील कुंकळ्ळी हे स्वाभिमानी गाव. मंदिरे पाडली गेली की गावकरी ती पुन्हा उभी करीत आणि कर देण्यास नकार देत. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट काही स्थानिक ख्रिस्ती सोबत्यांसह तेथे चर्चसाठी जागा पाहायला गेले. त्यांचे प्रमुख रुदोल्फ अक्वाविव्हा हे अकबराच्या दरबारात राहून नुकतेच परतले होते. त्यांच्यापैकी एका धर्मगुरूने पूर्वी त्या भागातील देवस्थानांची विटंबना केली होती, हे लोक विसरले नव्हते. गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही जेझुइट आणि त्यांचे काही सोबती मारले गेले. अक्वाविव्हा यांनी प्रतिकार केला नाही, मान पुढे केली, असे सांगितले जाते.

त्यानंतर काय झाले? गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करण्यासाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. पाहुणे म्हणून आत गेलेल्या त्या माणसांची पोर्तुगीज शिपायांनी कत्तल केली. एकच जण नदीत उडी टाकून निसटला. चर्चने त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये धन्यपद बहाल केले. कुंकळ्ळीच्या नायकांचे स्मारक मात्र उभे राहायला २००३ साल उजाडावे लागले.

आता या प्रसंगाकडे प्रामाणिकपणे पाहू. अक्वाविव्हा यांनी मान पुढे केली असेल तर ती येशूची शिकवण होती. बोलणीच्या निमित्ताने बोलावून कत्तल करणे हे साम्राज्याचे वर्तन होते. पण धर्मगुरूच्या मागे किल्ला उभा होता आणि किल्ल्याच्या आधी मंदिर पाडणारा हातोडा येऊन गेला होता. गावकऱ्याला या तिघांत भेद कसा दिसावा? मागे सैन्य उभे असलेल्या माणसाची अहिंसा कितीही खरी असली, तरी समोरच्याला ती अहिंसा वाटत नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. आणि नि:शस्त्र माणसांना मारणे हे शौर्य होते काय, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवा. अन्याय असह्य होता, म्हणून उद्रेक समजू शकतो. पण समजणे आणि गौरवणे यांत अंतर आहे. कुंकळ्ळीच्या नायकांचा गौरव आपण करतो तो त्यांनी मंदिरे पुन्हा उभारली, कर नाकारला आणि स्वत्व सोडले नाही यासाठी.

त्या पाच जेझुइटांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्यासाठी ज्याने धडपड केली, तो होता थॉमस स्टीफन्स, मूळचा इंग्लंडचा. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो. त्यानेच १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले आणि मराठी भाषेची थोरवी गायिली. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरेच. पण सहकाऱ्यांच्या हत्येनंतर हा माणूस सूडाची भाषा शिकला नाही, आपली भाषा शिकला. एकाच गावाच्या इतिहासात किल्ला आणि ओवी या दोन वाटा दिसतात. ख्रिस्ती धर्माविषयी एका वाक्यात निकाल देता येत नाही, तो यामुळेच.

आसोळण्याविषयी आणखी एक गोष्ट. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी गोव्यात गेले ते याच आसोळण्यातील डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. तेथूनच १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेची वाट निघाली आणि गोवा मुक्तिसंग्रामाला नवे वळण मिळाले. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांनी त्याच लढ्यात पोर्तुगालमधील तुरुंगवास सोसला. ज्या गावात किल्ल्यात बोलावून कत्तल झाली, त्याच गावातील ख्रिस्ती घराने तीन शतकांनंतर स्वातंत्र्याला दार उघडून दिले.

वसईची दुसरी बाजू

गोव्याबरोबर वसईचे उदाहरणही सांगितले पाहिजे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि दोन शतके त्यांच्याकडे राहिली. चिमाजी आप्पांनी १७३७ ते १७३९ अशी जीवघेणी मोहीम चालवली. अखेरच्या हल्ल्यांत मराठ्यांची हजारो माणसे पडली. इतके रक्त सांडल्यावर जिंकलेल्या किल्ल्यात कत्तल झाली असती तर त्या काळाच्या रीतीत ते बसलेही असते. पण मे १७३९ मध्ये शरणागतीच्या अटी ठरल्या, त्यानुसार पोर्तुगीज सैन्याला कुटुंबकबिल्यासह सन्मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मुभा दिली. वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या पोर्तुगीज घंटा विजयचिन्हे म्हणून आणल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतलीच. पण वसईतील ख्रिस्ती समाज राहिला, वाढला, आणि आजही मराठी बोलतो. त्याआधी १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूच्या निवासाला धक्का लावला नाही, हे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

शिवछत्रपती आणि चिमाजी आप्पा, दोघेही अहिंसावादी नव्हते. दोघांच्याही हातात तलवार होती. पण त्या तलवारीला मर्यादा होती. आपली परंपरा शस्त्र नाकारत नाही. शस्त्राला धर्माचे बंधन घालते. वसतिगृहातील आपल्या मुलाला द्यायचे पहिले उत्तर हेच आहे. आपल्या देवांच्या हातातील आयुधे लपवण्याची गरज नाही. ती कोणासाठी उचलायची आणि केव्हा खाली ठेवायची, हे मात्र आपल्याला सांगता आले पाहिजे.

वसईने मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो दिले. ‘हरित वसई’ चळवळीत त्यांनी गुंडगिरीला तोंड देत निःशस्त्र लढा दिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या धाराशिवला, झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवरून वाद झाला, पण संमेलन पार पडले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनीही त्यांच्या मराठीवरील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते.

विवेकाचा आवाज आणि संस्थेचे मौन

विसाव्या शतकाकडे येऊ. दोन्ही महायुद्धांत ख्रिस्ती राष्ट्रे एकमेकांशी लढली आणि दोन्ही बाजूंच्या चर्चनी आपापल्या सैन्याला आशीर्वाद दिले. फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या ऑस्ट्रियातील एका शेतकऱ्याने मात्र हिटलरसाठी लढण्यास नकार दिला. त्याच्या बिशपने त्याला कुटुंबाचे कर्तव्य आठवून देऊन समजावून पाहिले. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. चर्चने त्याला धन्यपद दिले ते २००७ मध्ये. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. ते जपानमधील ख्रिस्ती समाजाचे सर्वांत मोठे केंद्र होते. विमानतळावर त्या वैमानिकांच्या धार्मिक सेवेसाठी नेमलेले फादर जॉर्ज झाबेल्का यांनी पुढे आयुष्यभर त्या मौनाचे प्रायश्चित्त घेतले आणि ते युद्धाचे कट्टर विरोधक झाले.

क्वेकर आणि मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ शतकानुशतके शस्त्र नाकारत आले आहेत. क्वेकरांच्या सेवासंस्थांना १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. टॉलस्टॉय यांनी येशूची अहिंसा शब्दशः स्वीकारली; त्यांच्या ग्रंथाचा गांधीजींवर दक्षिण आफ्रिकेत खोल परिणाम झाला. पण त्याच टॉलस्टॉय यांना रशियन चर्चने १९०१ मध्ये बहिष्कृत केले. आपल्याकडे १९३० च्या सत्याग्रहात जे. सी. कुमारप्पा या निष्ठावंत ख्रिस्ती देशभक्ताने मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले होते. निःशस्त्र सत्याग्रहींवर लाठ्या पडत असताना येशूचे अनुयायी गप्प का, असा त्याचा रोख होता.

या उदाहरणांतून एक सूत्र दिसते. ख्रिस्ती धर्मात अहिंसेचा झरा आटला नाही, पण तो वाहिला तो बहुधा सत्तेच्या आणि संस्थेच्या काठाबाहेरून. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांना येशू हवा होता. परदेशी मिशनचा कारभार नको होता.

संस्थाही बदलते आहे, हे मान्य केले पाहिजे. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या अनुयायांकडून सत्याच्या नावाखाली झालेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आजच्या काळात न्याय्य युद्धाची भाषा करणे अवघड झाले आहे, असे मत मांडले. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने, परमुलूख बळकावण्याला धर्माचा आधार देणारा सिद्धान्त नाकारला. १४५५ चे ते आज्ञापत्र त्यातच येते. दुसरीकडे, २०२२ मध्ये युक्रेन युद्धात मरण पावणाऱ्या रशियन सैनिकाची पापे धुतली जातात, असे मॉस्कोचे कुलगुरू किरिल यांनी प्रवचनात सांगितले. म्हणजे कॉन्स्टंटाइनचा प्रश्न सतराशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. आणि गोव्याच्या इन्क्विझिशनविषयी, त्याचे नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत खेद व्यक्त व्हावा, ही भारतीय मनाची अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्या ईशान्येकडेही हेच द्वंद्व दिसते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या नागा बंडखोर संघटनेने ‘ख्रिस्तासाठी नागालँड’ अशी घोषणा देऊन बंदुका चालवल्या. पण १९६४ मध्ये तेथे शस्त्रसंधी घडवण्यासाठी पुढाकार घेतला तो नागा बाप्टिस्ट चर्चनेच. त्या शांतिमंडळात जयप्रकाश नारायण, बिमलाप्रसाद चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट एकत्र बसले होते.

माप एकच हवे

आता सर्वांत अवघड भाग. दुसऱ्याच्या धर्माला लावलेले माप स्वतःला लावण्याची तयारी नसेल तर असल्या व्याख्यानांना अर्थ नाही.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आपल्या दोन लहान मुलांसह गाडीत झोपले होते. जमावाने गाडी पेटवून तिघांना जिवंत जाळले. त्या वेळी दिलेल्या घोषणा आपल्या देवांच्या नावाच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. ‘स्टेन्स धर्मांतर करीत होते काय’ हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. मी म्हणतो, त्या दोन मुलांपुढे हा प्रश्न उच्चारण्याचीही लाज वाटली पाहिजे. आपल्या कोणत्या शास्त्रात झोपलेल्या बालकांना जाळण्याची अनुज्ञा आहे? झोपेतील पांडवपुत्रांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला आपल्या परंपरेने वीर म्हटले नाही. कपाळी भळभळती जखम घेऊन भटकण्याचा शाप त्याला मिळाला. मनोहरपूरच्या अपराध्यांची जागा त्याच्या शेजारी आहे.

आणि ग्लॅडिस स्टेन्स यांनी काय केले? पती आणि दोन मुले गेल्यावर त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ख्रिस्ती धर्म अहिंसावादी आहे काय, या प्रश्नाचे ‘होय’ असे उत्तर मला कुठे सापडले असेल तर ते या एका स्त्रीच्या वागण्यात. तिला नमस्कार करताना आपले हिंदुत्व कमी होत नाही.

त्याच ओडिशात २३ ऑगस्ट २००८ रोजी स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची त्यांच्या आश्रमात निर्घृण हत्या झाली. त्याची वेदना आपल्याला आहे आणि असलीच पाहिजे. पण त्यानंतर कंधमालमध्ये ज्या निरपराध ख्रिस्ती कुटुंबांची घरे जळली, त्यांनी स्वामीजींना मारले नव्हते. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारणे ही आसोळण्याच्या किल्ल्यातली रीत आहे, वसईच्या तहातली नव्हे.

आपण काय करावे?

कोणी म्हणेल, मग धर्मांतराचे काय? आमिषाने, फसवणुकीने, आजारी माणसाच्या असहायतेचा फायदा घेऊन केलेले धर्मांतर ही हिंसाच आहे, असे मी मानतो. तलवार नसली तरी त्यात दुसऱ्याच्या दुबळेपणावर जोर चालवलेला असतो. गांधीजींनाही सेवेच्या आडून चालणारे धर्मांतर मान्य नव्हते. त्यासाठी कायद्याची वाट आहे, तिने जावे. पण कायद्याच्या आधीही एक वाट आहे. आपल्या तालुक्यातील वस्तीवर एखादे कुटुंब आजारपणाने, कर्जाने, अपमानाने खचलेले असते तेव्हा त्याच्या दारात प्रथम कोण जातो? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी आपल्या भागातील तरुणांनी मृतदेह काढताना जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. ती वृत्ती भूकंपाची वाट न पाहता रोज टिकली, तर कोणालाही आपला धर्म सोडण्याची गरज भासणार नाही. ज्याच्या घरी आपण पाणी प्यायलो नाही, त्याने दुसऱ्याच्या प्रार्थनेला जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता मुख्य प्रश्नाचे उत्तर. येशूची शिकवण अहिंसेची आहे. चर्चचा इतिहास अहिंसेचा नाही. सत्तेबरोबर तो बदलला आणि आता हळूहळू पुन्हा मूळ शिकवणुकीकडे वळू पाहतो आहे. ख्रिस्ती माणसे मात्र आपल्यासारखीच आहेत; त्यांत अल्बुकर्क आहेत, तसेच येगरश्टेटर आणि कुमारप्पाही आहेत. म्हणून आपल्या मुलाने वसतिगृहात उत्तर देताना येशूची निंदा करू नये आणि कुंकळ्ळी विसरूही नये. गोव्याचा इतिहास त्याने तारखांसह सांगावा, वसईचा तह सांगावा, आणि कोणी मनोहरपूरचे नाव घेतले तर मान खाली घालून म्हणावे, ‘तो अधर्म होता.’ एवढे त्याला जमले तर समोरचा मित्र वादात हरला नाही तरी त्याचे ऐकून घेईल.